गव्हाचं काड आंबवायला गेलो आणि बुरशी पिकवली, नक्की चुकलं कुठे?

काडीमोड (धागाकर्ता)

मंडळी, लाज सोडून लिहितोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

पाच क्विंटल गव्हाचं काड पडून होतं. जनावरं ते नाइलाजानेच खातात. सकाळी गव्हाणीत टाकलेलं संध्याकाळी निम्मं तसंच, वरून शिंगांनी उधळलेलं. एकीकडे वाचलं की युरियाने काड सुधारतं, दुसरीकडे वाचलं की मळीने (उसाच्या काकवीसारख्या गोड पाकाने) चव येते, आणि मुरघासाच्या कल्चरचं, म्हणजे चारा आंबवणाऱ्या जिवाणूंचं, एक पाकीट घरात शिल्लक होतं. म्हटलं तिन्ही एकत्र करू, तिप्पट फायदा. एका पिंपात २० किलो युरिया, २५ किलो मळी आणि कल्चर १०० लिटर पाण्यात कालवलं, झारीने काडावर शिंपडलं, वर ताडपत्री टाकली आणि कडेने विटा ठेवल्या. पाणी मुद्दामच कमी घेतलं, काड कुजेल या भीतीने.

वैरण संपली म्हणून बाराव्या दिवशी उघडलं. वरचा वीतभर थर पांढऱ्या-हिरव्या बुरशीने जाळं विणल्यासारखा धरलेला. त्याखाली हात घातला तर काड कोरडं, कडकडीत, रंगही पहिलाच. मध्येच एखादा काळा चिकट गोळा, कुबट वासाचा. अमोनियाचा वास म्हणाल तर पुसट. आमच्याकडे एक म्हातारी गाय आहे, ती कशालाच नाही म्हणत नाही. तिने हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

चुकलं कुठे? आणि मधलं कोरडं काड तरी घालता येईल का?

तिखटजाळ

पिंपात घालायला चौथं काही हाताशी नव्हतं म्हणून एवढ्यावर निभावलं.

रवंथ

तिखटजाळ, जरा थांबा. ही चूक निम्म्या लोकांची होते, कारण दोन अगदी उलट कामांना आपण एकच शब्द वापरतो: आंबवणं.

मुरघास, म्हणजे हवाबंद कोंडलेला हिरवा चारा, आंबतो. हिरव्या चाऱ्यात साखर असते, ओलावा ६५-७० टक्के असतो, हवा कोंडली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू ती साखर खातात आणि सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरतो. त्या आंबटपणात बाकीचे जिवाणू गप्प बसतात आणि चारा टिकतो. टिकतो म्हणालो, सुधारतो नाही म्हणालो. मुरघास म्हणजे लोणचं. जे घातलं तेच जवळपास बाहेर येणार.

युरियाचं काम याच्या उलट. काडावर किंवा त्यावरच्या जिवाणूंत युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ओलावा मिळाला की ते युरिया फोडून अमोनिया करतं. अमोनिया खार (अल्कली) आहे, आम्ल नाही. काडातल्या पचणाऱ्या धाग्यांना लिग्निन नावाच्या कडक, न पचणाऱ्या पदार्थाने जखडून ठेवलेलं असतं. ते सांधे खाराने सुटतात, काड फुगतं, मऊ होतं आणि कोटीपोटातल्या (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. शिवाय थोडा नत्र काडाला चिकटून राहतो. खरं तर याला आंबवणं म्हणूच नये. मुरवणं म्हणा हवं तर.

आता तुमचं पिंप बघा. आंबट करणारे जिवाणू आणि खार करणारा युरिया एकाच पाण्यात. कल्चर पिंपातच गारद झालं असणार, इतक्या दाट युरियात आणि मळीत ते टिकणं अवघड. मळी उरली ती बुरशीच्या पंगतीला. पाणी १०० किलोला फक्त २० लिटर, म्हणजे युरिया फुटायला ओलावाच नाही. जिथे झारीची धार जास्त पडली तिथे काळा गोळा, जिथे पोचली नाही तिथे कडकडीत काड. आणि थोडाफार अमोनिया झाला तो ताडपत्रीच्या कडेने उडाला. गंमत म्हणजे अमोनिया नीट कोंडला गेला असता तर बुरशी आलीच नसती. अमोनियात बुरशी वाढत नाही. बुरशी दिसली म्हणजे अमोनिया तिथे नव्हता, इतकं सरळ आहे ते.

बुरशीचा थर आणि काळे गोळे खतात टाका. मधलं कोरडं काड हाताने निवडून, हुंगून, बुरशीचा मागमूस नसलेलं तेवढंच बाजूला काढा. त्यातही न फुटलेला युरिया वाळून बसलेला असणार. ते तसंच गव्हाणीत टाकू नका. पुन्हा पाणी मारून नीट मुरवा.

एक ना धड

बुरशीचं काड उन्हात खडखडीत वाळवून घातलं तर? आमच्याकडे वाळवूनच घालतात.

रवंथ

उन्हाने बुरशी मरेल, तिने सोडलेलं विष तसंच राहील. त्यातली काही विषं दुधातही उतरतात, अफ्लाटॉक्सिन त्यातलंच. गाभण गाईला तर अजिबात नको. आणि झटकताना तोंडाला फडकं बांधा, ती धूळ छातीत बसते.

गोठेताई

मी सहा वर्षं युरियाचं काड करतेय. शास्त्र रवंथदादांनी सांगितलं, मी हाताचं सांगते.

१०० किलो वाळलेल्या काडाला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. युरिया वजन करूनच घ्यायचा, ओंजळीने नाही. पूर्ण विरघळल्याशिवाय शिंपडायचं नाही, तळाशी दाणे राहिले तर शेवटच्या झारीत सगळं जहर उतरतं. काडाचा वीतभर थर पसरायचा, त्याच्या वाट्याचं पाणी शिंपडायचं, दाताळ्याने उलटायचं, पायाने तुडवायचं, मग पुढचा थर. इथे माणसं कंटाळतात. पहिले तीन थर मन लावून होतात आणि उरलेलं पाणी वरून ओतून मोकळे होतात. काडीमोडदादा, तुमचे गोळे तिथलेच असणार.

मूठ दाबून बघायची. काड तळहाताला गार आणि ओलं लागलं पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकायला नको. ठिबकलं तर तळाशी साचतं आणि खालचा थर सडतो.

ताडपत्री चालत नाही. तिला शिवण असते, भोकं असतात. मुरघासाचा जाड प्लास्टिक कागद घ्या, खालीही आणि वरही. कडा दुमडून त्यावर सलग माती ओढा. विटा ठेवल्या तर दोन विटांच्या मध्ये फट राहतेच. झाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढिगाभोवती फिरून वास घ्या. जिथे नाकाला झोंबेल तिथे गळती आहे, तिथे माती टाका.

उन्हाळ्यात २१ दिवस. थंडीत मी ५ आठवडे ठेवते, कारण गारठ्यात युरिया फुटतच नाही लवकर. बारा दिवसांत उघडणं म्हणजे घाईच झाली.

झारीवाला

> आंबट करणारे जिवाणू आणि खार करणारा युरिया एकाच पाण्यात

मान्य नाही. आम्ही युरिया आणि मळी वर्षानुवर्षं एकत्रच शिंपडतो. जनावरं गव्हाण चाटून पुसून खातात, कधी काही झालं नाही. पुस्तकी ज्ञान आहे हे सगळं.

रवंथ

झारीवाले, तुम्ही शिंपडून लगेच घालता की कोंडून ठेवता?

झारीवाला

लगेच. कोंडतो कशाला?

रवंथ

मग आपण भांडतच नाही आहोत. तुमचं तिसरंच काम आहे. घालायच्या वेळी १०० किलो काडाला किलोभर युरिया आणि १० किलोच्या आसपास मळी, हा पोटातल्या जिवाणूंचा खुराक झाला. युरियातून त्यांना नत्र, मळीतून लगेच मिळणारी ऊर्जा. काडाचे सांधे त्याने सुटत नाहीत, पण जिवाणू वाढतात, म्हणून आहे ते काड थोडं बरं पचतं आणि जास्त खाल्लं जातं. चांगली पद्धत आहे, फक्त प्रमाण चुकायला नको.

कोंडायच्या ढिगात मात्र गोड काही नको, आणि त्याला बुरशीखेरीज आणखी एक कारण आहे. अमोनिया, साखर आणि उष्णता एकत्र आली की ४-मिथाइलइमिडॅझोल नावाचा पदार्थ तयार होऊ शकतो. असा चारा खाल्लेली जनावरं बिथरतात, गोल गोल धावतात, भिंतीला धडकतात, आणि आईच्या दुधातून तो वासरातही जातो. हे मुख्यतः चांगल्या प्रतीच्या, साखर असलेल्या गवताला गरम करून अमोनिया दिला तेव्हा दिसलंय. साध्या काडात साखर जवळपास नसतेच, म्हणून ते सुरक्षित. आपण स्वतःच्या हाताने मळी घालून ती सोय का घालवायची? मळी घालायचीच तर मुरलेलं काड उघडून, वारं देऊन, गव्हाणीत टाकताना घाला.

झारीवाला

हे माहीत नव्हतं. ठीक.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. ४ किलोच का? ८ घातला तर दुप्पट प्रोटीन नाही का मिळणार?

हिशेबी

माझ्या आवडीचा प्रश्न.

युरियात ४६ टक्के नत्र. ४ किलोत १.८४ किलो. नत्राला ६.२५ ने गुणलं की कच्च्या प्रथिनांचा आकडा येतो, म्हणजे ११.५ किलो. गव्हाच्या काडात मुळात ३-४ टक्के. बेरीज केली तर १०० किलो काडात १५ किलो प्रथिनं दिसायला हवीत! प्रत्यक्षात उघडून वारं दिलेल्या काडात ७ ते ९ टक्केच भरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त नत्र हवेत गेला. चिकटतो तेवढाच चिकटतो. ८ किलो घातलात तर उडणारा भाग वाढेल, डोळे जास्त झोंबतील आणि विषबाधेची भीती दुप्पट होईल.

तरी ७ हा आकडा मोलाचा आहे. साधारण ७ टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की कोटीपोटातले जिवाणू उपाशी पडतात, काड आत तसंच पडून राहतं आणि पोट भरलेलं असल्यामुळे जनावर आणखी खात नाही. भरल्या पोटी उपासमार. ४०० किलोची गाय साधं काड ५-६ किलोच खाते ते यामुळे. मुरवलेलं काड १०-२५ टक्के जास्त खाल्लं जातं आणि खाल्लेल्यातलं पचतंही जास्त. दोन्हींचा गुणाकार होतो.

आणि हो, ती सगळी "प्रथिनं" नाहीत. नत्र आहे. प्रथिनं जिवाणू करतात, आणि त्यासाठी त्यांना गंधक लागतं, दर १०-१२ भाग नत्राला १ भाग. म्हणून खनिज मिश्रणाचा डबा झाकून ठेवू नका.

तिखटजाळ

थोडक्यात सांगायचं तर पाच क्विंटल काडातून वाटीभर दूध.

गोठेताई

तिखटजाळ, चेष्टा सोडली तर बरोबर बोललात. मुरवलेलं काड मध्यम प्रतीच्या वाळल्या गवताच्या जवळ जातं, त्यापुढे नाही. भाकड गाय, वाढती कालवड, कामाचा बैल, थोडं दूध देणारी गाय यांना ठीक. २० लिटरच्या गाईला यावर ठेवून दूध मागू नका. तिला हिरवं आणि पेंड लागणारच. नुसत्या मुरवलेल्या काडाबरोबर ओंजळभर पेंड किंवा शेवरी-सुबाभळीचा पाला दिला तरी फरक दिसतो.

एक ना धड

मग एवढी खटपट करण्यापेक्षा बाजारात एन्झाइमच्या पुड्या मिळतात त्या का नको? लिग्निन तोडतात म्हणे. सात दिवसांत काडाचा हिरवा चारा, असं पाकिटावर लिहिलं होतं.

रवंथ

काडाचा हिरवा चारा होत नाही. रंग लावला तरच होतो.

थोडं सविस्तर सांगतो. सेल्युलेज, झायलेनेज ही विकरं खरी आहेत, पण ती धाग्यांवर काम करतात, लिग्निनवर नाही. कुलूप तसंच ठेवून आतल्या तिजोरीवर हातोडा मारण्यासारखं ते होतं. हिरव्या चाऱ्याच्या मुरघासात त्यांचा थोडा उपयोग होतो, धाग्यांतून थोडी साखर सुटून आंबायला मदत होते. कोरड्या काडावर शिंपडून चमत्कार होत नाही.

लिग्निन खरोखर खातात त्या पांढऱ्या कुजीच्या बुरशा. धिंगरी आळंबी त्यातलीच. पण त्यांना त्यासाठी प्राणवायू लागतो. म्हणून बंद पिशवीत लिग्निन तुटतं असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. दुसरी अडचण अशी की बुरशी फुकट काम करत नाही. काडातला पचणारा भाग ती स्वतःही खाते. उघडून बघता तर ढीग खचलेला. शिवाय काड निर्जंतुक केलं नाही तर हवी ती बुरशी सोडून नको तीच वाढते, ते काडीमोडांनी करून दाखवलंच आहे.

खाराची कल्पना मात्र जुनी आणि पक्की. जर्मनीत अर्न्स्ट बेकमन यांनी १९२१ मध्ये कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात काड भिजवून धुवायची पद्धत मांडली. पचन खूपच सुधारायचं, युरियापेक्षाही जास्त. पण धुण्यात काडातला विरघळणारा भाग वाहून जायचा, पाणी डोंगराएवढं लागायचं आणि ते खारट पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न. हात भाजायचे ते वेगळंच. चुन्यानेही होतं, पण चुना सुस्त, आणि त्याने नत्र मिळत नाही. युरिया मागे टिकला तो सगळ्यात जोरदार म्हणून नव्हे. तो पोत्यात मिळतो, पाण्यात विरघळतो आणि जाता जाता नत्र देऊन जातो, म्हणून.

वाचनमात्र

सोयाबीनचं भुसकट आहे भरपूर. त्याला चालेल का?

रवंथ

नाही. खाराने सुटणारे सांधे गवतवर्गात जास्त: गहू, भात, ज्वारी, बाजरी, मका. द्विदल पिकांच्या देठांत लिग्निन वेगळ्या तऱ्हेने बांधलेलं असतं, तिथे अमोनियाचा फारसा उपयोग होत नाही. त्यांत प्रथिनं मुळात थोडी जास्त असतात. भुसकट तसंच मिसळून घाला. भाताच्या पेंढ्यावर युरिया छान चालतो, फक्त त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अडवून धरतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका.

झारीवाला

आणि मक्याची ताटं? कणसं काढली, ताटं अजून निम्मी हिरवी आहेत.

गोठेताई

त्यांना युरिया कशाला? ती आजच्या आज कुट्टीतून काढा आणि मुरघास करा. त्यात अजून रस आहे, साखर आहे. उद्यावर टाकाल तर उन्हाने रस जाईल आणि मग ते काडच. कुटी २-३ सेंटीमीटरची. फार बारीक पीठ केलं तर दाबलं छान जातं, पण जनावर रवंथ कमी करतं. ताटं जरा वाळकी वाटली तर १०० किलोला २-३ किलो मळी पाण्यात करून मारा. इथे मळी शोभते. कल्चरही इथेच शोभतं.

दुसरी जोडी सांगते: फार ओला चारा किंवा भाजी-फळांचा चोथा असेल तर त्यात कोरड्या काडाची कुटी मिसळून मुरघास करा. चोथ्याचं पाणी वाहून जात नाही, काड ते पितं, त्याला आंबूस चव लागते. काड त्याने सुधारत नाही, पण खपतं.

तिखटजाळ

ताई, तुमच्याकडे कधी काही बिघडलंच नाही का? की आम्हीच एकटे अडाणी?

गोठेताई

बिघडलं ना. दुसऱ्या वर्षी. युरिया कालवून संपला, पिंपाच्या तळाशी दोन-तीन लिटर पाणी राहिलं, मी जेवायला गेले. दावं सुटलेली कालवड तहानेने आली आणि प्याली. अर्ध्या तासात तोंडाला फेस, अंगावर थरथर, श्वास धापा टाकल्यासारखा, डावी कूस फुगलेली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी येईपर्यंत व्हिनेगर तयार ठेवायला सांगितलं. ते आले आणि नळीने व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पोटात सोडलं. आंबट गेलं की अमोनिया रक्तात शिरायचा कमी होतो. वाचली. ते दोन तास अजून आठवतात. तेव्हापासून पिंप धुऊन पालथं घातल्याशिवाय मी तिथून हलत नाही, आणि व्हिनेगरच्या बाटल्या गोठ्याच्या कोनाड्यात असतात. मोठ्या जनावराला २ ते ४ लिटर लागतं, एक बाटली पुरत नाही. थरथरणाऱ्या जनावराच्या तोंडात घाईने ओतू नका, फुप्फुसात जातं.

सहा महिन्यांखालच्या वासराला युरियाचं काड नाही म्हणजे नाही, त्याचं कोटीपोट तयार नसतं. घोड्यालाही नाही. उपाशी जनावरापुढे एकदम पाटीभर नाही. पहिल्या दिवशी साध्या काडात चौथा हिस्सा, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचं.

काडीमोड (२७ दिवसांनी)

आलो परत. सगळ्यांचे आभार, तिखटजाळांचे जरा कमी.

या वेळी एकच क्विंटल केलं. ४ किलो युरिया काट्यावर, ५० लिटर पाणी, मळी नाही, कल्चर नाही. खाली-वर प्लास्टिक, कडेला मातीचा बांध. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात डोळ्यांना झोंबलं, तिथे चार पाट्या माती ओढली. बाविसाव्या दिवशी वाऱ्याकडे पाठ करून एक बाजू उघडली तरी डोळ्यांतून पाणी आलं. काडाचा रंग काळपट तपकिरी, हातात घेतलं तर जुन्या दोरीसारखं लवतं, मोडत नाही. बुरशी फक्त एका जागी, पंजाएवढी. बघितलं तर वरच्या कागदाला तिथे उंदराने भोक पाडलेलं.

उद्याच्या वैरणीपुरतं काढून पसरून ठेवलं, रात्रभर वारं लागलं. सकाळी थोडा वास होता. साध्या काडात मिसळून टाकलं. तरुण गाईने दोनदा हुंगून बाजूचं खाल्लं. म्हातारी मात्र थेट त्यात तोंड घालून उभी राहिली आणि गव्हाणीचा तळ चाटला. आज सहावा दिवस, आता तरुणही खातेय. दुधात फरक नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण गव्हाणीतून उचलून फेकायचं काड रोज टोपलंभर असायचं, ते आता मूठभर असतं. शेण जरा पातळ झालंय. काळजीचं आहे का?

रवंथ

जुलाबासारखं पाणी नसेल आणि जनावर रवंथ करत असेल तर थांबून बघा. पहिल्या आठवड्यात असं होतं. उघडलेली बाजू रोज झाकताय ना?

काडीमोड

झाकतो. उंदराचं भोकही चिकटपट्टीने बुजवलं. आता मांजर पाळायचं म्हणतोय.